अर्धा तास काळ्या कापडाखाली

पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तलावाच्या पाळीला लागून एक पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिच्यावर सरांचं नाव आलं. राणी रंगात, हातभर अक्षरांत. नावापुढे 'कैलासवासी', नावामागे 'जलशुद्धी केंद्र'. बसच्या खिडकीतून ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, "ऊन लागलं." दुसरं काय सांगणार? ज्या कागदावर सही करायला सरांनी साफ नकार दिला होता, त्याच कागदाच्या जोरावर ही शेड उभी राहिली होती. आणि माणूस गेल्यावर, तो काही बोलू शकत नाही अशी खात्री झाल्यावर, तिला त्याचंच नाव दिलं होतं.

सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. शिकवायचे म्हणजे भांडायचे. फळ्याशी, खडूशी, मुलांशी, आणि ढग आले तर ढगांशी. त्यांचा पांढरा शर्ट कधीच पांढरा नसायचा. बाहीवर निळा, खिशाखाली राणी, कॉलरवर पिवळा असे डाग असायचे, आणि कोणत्या डागाला कोणता प्रयोग कारणीभूत आहे हे त्यांना तारीखवार आठवायचं. वरच्या खिशात पेन नसे. तिथे जुन्या छत्रीचं कापलेलं काळं कापड घडी करून ठेवलेलं असे. त्याच कापडाने ते चष्मा पुसत, घाम पुसत, आणि त्याच कापडाने काचेचा बीकर झाकत.

बीकर झाकण्याचं कारण सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. आमच्या भागात कोशाचं रेशीम रंगवतात. रंगवून झालं की उरलेलं पाणी नालीतून ओढ्यात आणि ओढ्यातून तलावात जातं. सरांनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता. ते रंगीत पाणी उन्हाच्या जोरावर निर्मळ करायचं. त्यासाठी एक पांढरी पावडर असते, टायटॅनियमची. तिच्यावर ऊन पडलं की ती पाण्यातला रंग तोडते. पण नुसती पावडर आळशी, उन्हातला थोडासाच भाग तिच्या कामाचा. तिला चांदी, तांबं, लोखंड अशा धातूचं बोट लावलं की ती नेटाने कामाला लागते.

हे वर्गात सांगताना सर म्हणायचे, "ऊन पडलं की इलेक्ट्रॉन घरून निघते. पण मोठं घरकोंबडं आहे ते, लगेच मागे फिरते. मंग काम कोण करन? धातूचा कण म्हणजे चौकातली चहाटपरी. इलेक्ट्रॉन तेथं रेंगाळलं की इकडे घरातलं काम उरकते." मागच्या बाकावरून कोणी तरी विचारलं, "मंग टपऱ्या वाढवल्या तर सर?" सर एकदम खूश. "वाढवून पाहा. सारं गाव टपरीवर बसलं तर काम कोण करन बे? भाजीत मीठ टाकते तेवढाच धातू टाकाचा." मी आज वीस वर्षांच्या मुलांना हेच शिकवते आणि अजून याहून बरं सांगता आलेलं नाही.

आता काळं कापड. पावडर पाण्यात टाकली की उन्हात ठेवण्याआधी सर बीकरवर ते कापड टाकून अर्धा तास अंधारात ठेवत. कारण काही पावडरी लबाड असतात. त्या रंग तोडत नाहीत, नुसता पोटात घेतात. पाणी साफ दिसतं, पण रंग तसाच्या तसा पावडरीत बसलेला असतो. अंधारातच पाणी साफ झालं तर उन्हाने काहीच केलं नाही, हे उघड होतं. हा अर्धा तास सरांसाठी देवपूजेसारखा होता. शेजारी किल्लीचं गजराचं घड्याळ ठेवून ते खुर्चीत ताठ बसत आणि त्या वेळात कोणी बोललं तर खेकसत.

पुढे पुढे त्यांनी ही परीक्षा सगळ्यालाच लावायला सुरुवात केली. कॉलेजात नवा प्राध्यापक आला, सगळे त्याची तारीफ करायला लागले, की सर विचारायचे, "अंधारात ठेवून पाहिला का?" माझं लग्न ठरत होतं, मी लाजत लाजत सांगायला गेले की मुलगा चांगला आहे. सर चष्मा पुसत म्हणाले, "चांगला आहे म्हणतेस. कोणी पाहत नसलं की कसा असते, ते विचारलं का वो?" मी रागावून निघून आले. पण घरी जाऊन विचारपूस केली, आणि ते स्थळ मोडलं. सरांना त्याचं ना दुःख ना आनंद. "चला, एक रीडिंग आलं," एवढंच म्हणाले.

दुपारी, भर मे महिन्यात, भंडाऱ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी हा माणूस डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून कॉलेजच्या गच्चीवर उकिडवा बसलेला असे. समोर जुनी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, उतरत्या ओळीत मांडलेली. पडक्या घरांवरून उतरवलेली ही कवेलू ते सायकलला बांधून आणायचे. त्यांच्यावर चांदी लावलेल्या पावडरीचा लेप देऊन भट्टीत भाजायचे, आणि वरून रंगाचं पाणी थेंब थेंब सोडायचे. राणी रंगाचं पाणी वरच्या कवेलूवर पडायचं आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू फिकं होत, खाली काकूंच्या परातीत जवळजवळ बिनरंगाचं उतरायचं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांच्या घरात एकही परात उरली नव्हती, त्या पोळ्यांची कणीक पातेल्यात मळायच्या.

चांदीसाठी लागणारं रसायन कॉलेज मंजूर करेना. अर्ज गेला की परत येई, 'अनावश्यक' असा शेरा मारून. शेवटी सरांनी स्वतःचा लहानपणचा चांदीचा करदोडा आणला आणि आमच्यासमोर नायट्रिक आम्लात सोडला. तपकिरी धूर निघाला. आम्ही मुली हळहळलो. सर म्हणाले, "आता का कमरेले पुरते का थो? पडू दे कामी." आणि मग तयार झालेल्या प्रत्येक कवेलूवरून उतरलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बघायचे. पाणी दुधासारखं झालं तर चांदी सुटते आहे. ते कवेलू बाद. अशी किती तरी कवेलू त्यांनी स्वतःच्या हाताने फोडले. करदोडा गेला याचं वाईट वाटलं नसेल त्यांना, पण कवेलू फोडताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

आणि आमच्या कॉलेजने या माणसाचं काय केलं? त्याची नक्कल केली. स्टाफरूममध्ये त्यांना 'कवेलूवाले' म्हणायचे. गॅदरिंगमध्ये एकाने डोक्याला दुपट्टा बांधून बादलीवर काळी ओढणी टाकली, आणि पहिल्या रांगेत बसलेले प्राचार्य पोट धरून हसले. सरही हसले. मला मात्र त्या हसण्याचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. कारण हसणाऱ्यांपैकी एकानेही कधी गच्चीवर चढून त्या परातीतलं पाणी बघितलं नव्हतं.

सर फार गोड होते असंही नाही. तिरसट होते. मुलींना रडवायचे. तीनदा अंधारात ठेवल्याशिवाय कोणाचाही निष्कर्ष मान्य करायचे नाहीत. एका विद्यार्थ्याने वैतागून शिकायचा विषयच बदलला. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं. दर रविवारी सकाळी ते पवनी रस्त्यावरच्या त्या तलावावर जायचे, चार बाटल्या भरायचे, पाळीवर बसून गिरजामावशीशी गप्पा मारायचे. गिरजामावशी तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर वस्तीतली. तलावात मासोळी आणि शिंगाडे हाच त्या वस्तीचा आधार. शिंगाडे काढायच्या दिवसांत मावशीचे हात कोपरापर्यंत गुलाबी व्हायचे. सर त्या हातांकडे बघत बसत.

त्या तलावाच्या वरच्या अंगाला रंगाई कारखाना होता. तो आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा. आता पुढचं कोणालाही समजेल.

कारखान्याचं पाणी बंद करा, अशी तक्रार वस्तीने केली होती. तपासणी समिती येणार होती. अध्यक्षांना अचानक कवेलूवाले सर आठवले. समितीसमोर कॉलेजच्या आवारात पाणी साफ करून दाखवायचं, अहवाल द्यायचा, आणि त्या अहवालाच्या आधारावर कारखाना सुरू ठेवायचा. सर म्हणाले, "कवेलूनं होते, पण हळू होते. तुमच्या कारखान्याले एकरभर उन्हाची जागा लागन, अन् पाणी निम्मं कराव लागन." अध्यक्षांना एकरभर ऊन नको होतं. त्यांना दहा मिनिटांत टाळ्या हव्या होत्या.

त्या मी मिळवून दिल्या.

मी तेव्हा त्याच कॉलेजात कंत्राटी सहायक होते आणि कायम होण्याची वाट बघत होते. आमच्याकडे राइस मिल रग्गड, त्यामुळे धानाच्या भुशाच्या राखेचे ढीगच ढीग. मी ती राख घेतली, तिच्यात टायटॅनियमची पावडर मिसळली, मोरचुदाच्या पाण्यातून तांबं लावलं आणि भाजलं. राणी रंगाच्या पाण्यात चमचाभर टाकून उन्हात ढवळलं तर दहा मिनिटांत पाणी स्वच्छ! मी आनंदाने वेडी झाले. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो ठरलेलाच. "अंधारात ठेवलं का वो?" मी म्हटलं, "ठेवते सर." ठेवलं नाही. ऊन चांगलं होतं, समिती दोन दिवसांवर होती, आणि खरं सांगायचं तर मला ठेवायचंच नव्हतं. उत्तर काय येईल याची भीती मनात कुठे तरी होती. आमच्या भागात ज्याला त्याला ती राख सापडते, आणि ती रंग पोटात घेते हे आमच्याकडच्या बाईमाणसालाही माहीत आहे. मी एम.एस्सी. झालेली, मलाच तेवढं माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

समिती आली. मंडप, गुलाबजाम, सत्कार. मी बीकरमध्ये चमचाभर पावडर टाकली, ढवळली, गाळून काचेच्या नळीत पाणी दाखवलं. टाळ्या. मोबाइल वर झाले. अध्यक्षांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात सर उठले. खिशातून काळं कापड काढलं. दुसऱ्या बीकरमध्ये तेच पाणी, तीच पावडर. वर कापड. "अर्धा तास बसा जी," ते समितीला म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "सर, जेवणं थंडी होऊन राहिली." सर घड्याळाकडे बघत उभे. उठायचं कोणाचं धाडस झालं नाही. अर्ध्या तासाने कापड काढलं, पाणी गाळलं. तेही तितकंच स्वच्छ. मग त्यांनी गाळणीवरची राख एका वाटीत घेतली, वर स्पिरिट ओतलं आणि हलवलं. वाटी राणी रंगाने भरून गेली.

"रंग गेला नाही," सर म्हणाले. "लपला."

"पण पाणी तं साफ झालं ना सर?" अध्यक्ष हसत म्हणाले. "तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिले? लोकाइले पाणीच पाहिजे."

"अन् तांबं? मोरचूद पाण्यात सुटलं तर मासोळीले विचारान का तुम्ही?"

समितीतल्या एका साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सगळे जेवायला उठले. त्या माणसांनी डोळ्यांनी ती वाटी पाहिली होती. पाहिली, आणि गुलाबजाम खाल्ले. न कळणाऱ्यांचा मला कधी राग येत नाही. त्या मंडपात सगळ्यांना कळलं होतं.

अहवाल सरांपुढे आला. त्यांनी पेनही उचललं नाही. मग तो माझ्यापुढे आला. 'पाणी पूर्णतः शुद्ध होते' असं खाली लिहिलं होतं. प्राचार्य म्हणाले, "तुझं कायम होण्याचं प्रकरण या आठवड्यात पाठवाचं आहे पोरी." मी सही केली.

सर मला ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त वाटीतली राख दाखवून म्हणाले, "आता हे कोठं टाकशीन वो?" मग त्यांनी ती राख कागदात बांधली आणि घरी नेली.

मी कायम झाले. पुढच्या सुट्टीत गच्चीची 'साफसफाई' झाली आणि सरांची सगळी कवेलू ट्रॉलीत भरून खड्ड्यात टाकली गेली. करदोड्यासकट. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल दिली, तीही चुरगळलेली. मग ते घरच्या गच्चीवर बसू लागले. मी वर्षातून एकदा जायचे, खाली काकूंशी बोलून परत यायचे. वर जायची हिंमत होत नसे. गेल्या वर्षी ते गेले. काकूंनी मला बोलावून ते काळं कापड दिलं. "त्यायनं सांगून ठेवलं होतं, पोरीले देजो म्हणून," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मग ही शेड. उद्घाटनाचं आमंत्रण व्हॉट्सअॅपवर आलं. 'सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी' म्हणून मला पाच मिनिटं बोलायचं होतं. गेले. आत सिमेंटचं मोठं टाकं, त्यात कारखान्याचं राणी पाणी, कोपऱ्यात माझ्या त्या राखेची पोती रचलेली. गाळलेली राख टाकायला मागच्या भिंतीला भोक, भोकातून पाट, आणि पाट सरळ तलावात. मी वर पाहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पत्रा. एक फट नाही. मी आताच्या प्राचार्यांना विचारलं, "वर छत काहून टाकलं?" ते म्हणाले, "उद्घाटनाले पाहुणे येणार होते ना. उन्हात कसे बसवाचे?"

सरांच्या नावाचं केंद्र. आत ऊन नाही!

त्या क्षणापर्यंत मी दोन गोड वाक्यं बोलून उतरायचं ठरवलं होतं. हे माझं खरं रूप आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पत्रा पाहिला आणि डोक्यात सणक गेली. माइक हातात घेतला, पर्समधून कापड काढलं आणि वर धरलं. म्हटलं, "सर पाण्यावर अर्धा तास काळं कापड टाकायचे. तुम्ही जन्मभराचं टाकून ठेवलं."

कोणाला काही समजलं नाही. मागे पाळीवर उभी असलेली गिरजामावशी मोठ्यानं बोलली, "समजून सांग ना वो बाई. मंग हे पाणी साफ कशानं होऊन राहिलं?"

"होत नाही मावशी. रंग राखेत जातो."

"अन् राख?"

"ती कुठं जाते, ते मागे जाऊन पाहा."

मावशी पाहायला गेली नाही. "थे तं मले रोजच दिसते," ती म्हणाली. "आमच्या तलावात जाते."

अध्यक्षांनी खूण केली आणि माइक बंद पडला. आवाज माझा वर्गात चालतोच, मी तसंच बोलले. म्हटलं, त्या अहवालावर सरांची सही नाही. माझी आहे. ती राख माझी, तो खोटेपणा माझा, आणि त्याच्या बदल्यात मिळालेली नोकरीही माझीच. या शेडला नाव द्यायचंच असेल तर माझं द्या. त्यांचं पुसा.

दुसऱ्या दिवशी नाव पुसलं गेलं. चुना फासून. माझं लिहिलं नाही, पत्राही काढला नाही. मात्र गिरजामावशी आणि वस्तीतल्या बायांनी भिंतीचं ते भोक चिखल-विटांनी बुजवून टाकलं आहे आणि आळीपाळीने तिथे बसतात.

मला संस्थेची नोटीस आली. 'संस्थेची जाहीर बदनामी केल्याबद्दल खुलासा करावा, अन्यथा सेवेतून कमी करण्यात येईल.' मी खुलासा लिहिला. जे माइकवर बोलले तेच, शिवाय अंधारातल्या प्रयोगाची आणि स्पिरिटची सगळी कृती, कोणालाही करून बघता येईल अशी. राग फार होता. म्हणून पाठवण्याआधी कागद टेबलावर ठेवला, त्याच्यावर ते काळं कापड पसरलं, शेजारी घड्याळ ठेवलं आणि खुर्चीत ताठ बसले.

अर्ध्या तासाने कापड काढून पुन्हा वाचलं. एकही शब्द बदलावासा वाटला नाही. मग खाली सही केली.